फॉर्म भरायला दुसरा माणूस का लागतो?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला होता 'सोप्या वेबसाइट कशा बनवाव्यात'. तासाभरात वेबसाइट बनवणे शिकवता येत नाही. म्हणून मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे, आणि ती म्हणजे फॉर्म. शिष्यवृत्तीचा, अकरावी प्रवेशाचा, पॅन कार्डाचा, नोकरीचा, कुठलाही ऑनलाइन फॉर्म. वेबसाइट चांगली आहे की वाईट हे तिच्या पहिल्या पानावरच्या रंगीत फोटोंवरून कळत नाही. फॉर्म भरताना कळते.

तुमच्यापैकी किती जणांच्या घरी असा एखादा फॉर्म भरला गेला आहे? जवळजवळ सगळे हात वर. आता सांगा, तो फॉर्म अम्मीने किंवा अब्बांनी स्वतःच्या मोबाइलवर, कुणालाही न विचारता भरला, असे किती घरांत झाले? बघा, हात खाली आले.

मग तो कुणी भरला? घरातल्या शिकलेल्या मुलाने, नाहीतर कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेवाल्याने. कॅफेवाला पन्नास-शंभर रुपये घेतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्याचा तो धंदा आहे. पण पैशांबरोबर आपण त्याला आणखी काय काय देतो? आधारचा क्रमांक, बँकेचे खाते, घरचे उत्पन्न, मोबाइलवर आलेला ओटीपी. ईमेल नसेल तर तो आपल्याच ईमेलवर खाते उघडतो आणि पासवर्ड त्याच्याच वहीत राहतो. पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा त्याच्याच दारात जावे लागते. तलाक झालेल्या किंवा विधवा बाईला 'वैवाहिक स्थिती' हा रकाना दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने सांगावा लागतो.

हे सगळे का होते? बाई अडाणी आहे म्हणून, असे आपण पटकन म्हणतो. तीच बाई व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करते, फोटो पाठवते, व्हॉइस मेसेज पाठवते, यूपीआयने भाजीवाल्याचे पैसे देते. म्हणजे मोबाइल तिला येतो, अडचण फॉर्ममध्ये आहे. आणि फॉर्म आभाळातून पडत नाही, माझ्यासारखा एखादा इंजिनिअर तो लिहितो. मी गेली अकरा वर्षे हेच काम करते. म्हणून चांगल्या वेबसाइटची माझी व्याख्या साधी आहे: ज्याचे काम आहे त्याला ते स्वतः करता आले पाहिजे. मधला माणूस लागला, तर वेबसाइटमध्ये काम बाकी आहे.

तीन भाषा

वेबसाइटचा जो भाग आपल्याला दिसतो त्याला फ्रंट-एंड म्हणतात. तो तीन भाषांत लिहिला जातो. एचटीएमएल सांगते की पानावर काय आहे: हे शीर्षक, हा परिच्छेद, हा रकाना, हे बटन. सीएसएस सांगते की ते दिसेल कसे: रंग, आकार, अंतर. जावास्क्रिप्ट सांगते की काही केल्यावर काय घडेल: बटन दाबले, चूक झाली, फोटो निवडला. घराशी तुलना करायची तर भिंती आणि दारे, मग रंगरंगोटी, मग वीज.

वेब टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत असताना तयार केले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्रज्ञान जगाला मोफत खुले करून दिले. वेबसाइट लिहायला आजही कुणाची परवानगी लागत नाही, कसली रॉयल्टी द्यावी लागत नाही. सर्नने जपून ठेवलेले वेबवरचे ते पहिले पान आजच्या मोबाइलवरही उघडते आणि वाचता येते. त्यात नुसते साधे एचटीएमएल आहे. साधेपणाने लिहिलेले पान तीस वर्षांनंतरही चालते आणि दिमाखदार पाने दोन वर्षांत मोडतात, हे माझ्या धंद्यात रोज दिसते.

आता आपण मनातल्या मनात एक फॉर्म लिहू या. समजा मोहल्ल्यातल्या एका अभ्यासिकेला शिष्यवृत्ती मार्गदर्शनासाठी मुलींची नोंदणी करायची आहे. नाव, जन्मतारीख, मोबाइल, इयत्ता, फोटो. एवढाच फॉर्म आहे, पण प्रत्येक रकान्यात एक खड्डा आहे.

नावाचा रकाना

आपल्याकडचा फॉर्म नावाचे तीन तुकडे मागतो: स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव. तिन्हींपुढे लाल तारा, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. महाराष्ट्रात ही पद्धत इतकी रुळली आहे की फॉर्म लिहिणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. पण आपल्यात कितीतरी लोकांना आडनावच नसते. कुणाचे नाव 'मोहम्मद इरफान' एवढेच असते. कुणाच्या नावात 'बी' किंवा 'बानो' असते, ते आडनाव धरायचे की नावाचा भाग? शेख कधी नावाच्या आधी येतो, कधी नंतर. मग लोक काय करतात? आडनावाच्या जागी टिंब टाकतात, 'एनए' लिहितात, नाहीतर तेच नाव दोनदा लिहितात. ते तसेच प्रमाणपत्रावर छापून येते. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. मग प्रतिज्ञापत्र आणि खेटे.

ही किरकोळ बाब नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच शब्द नाव असलेल्या प्रवाशांना पर्यटक व्हिसावर प्रवेश देणार नसल्याचे कळवले. एअर इंडियाला तसे परिपत्रक काढावे लागले. नंतर, पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असेल तर ते चालेल, असा खुलासा आला. अमेरिकेच्या व्हिसावर ज्याला पहिले नाव नाही त्याच्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापतात, म्हणजे 'पहिले नाव माहीत नाही'. माणसाला नाव आहे, रकान्याला ते मावत नाही.

उपाय काय? एकच रकाना ठेवा: 'पूर्ण नाव, आधार कार्डावर आहे तसे'. वेबची मानके ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्थासुद्धा हेच सुचवते की गरज नसेल तर नावाचे तुकडे मागू नका. तुकडे हवेच असतील तर आडनाव सक्तीचे करू नका. हा बदल करायला किती कोड लागतो? एचटीएमएलमधला 'रिक्वायर्ड' हा एक शब्द खोडायचा. बस.

नावाच्या लांबीवरही मर्यादा असते, तिथेही सांभाळा. 'झुल्फिकार' हे नाव डोळ्याला चार अक्षरे दिसते: झु, ल्फि, का, र. संगणक मात्र ते नऊ मोजतो, कारण उकार, वेलांटी, काना आणि हलन्त हे त्याच्या लेखी वेगळे असतात. इंग्रजीचा हिशेब धरून वीसची मर्यादा घातली, तर मराठीत लिहिलेले नाव मध्येच तुटते.

लेबल, अंक आणि कीबोर्ड

बऱ्याच फॉर्मवर रकान्याच्या आत फिकट अक्षरांत 'येथे मोबाइल क्रमांक लिहा' असे असते. त्याला प्लेसहोल्डर म्हणतात. दिसायला ते छान वाटते, पण पहिला अंक टाइप केला की ते गायब होते. मध्येच घरात कुणी हाक मारली, दोन मिनिटांनी परत आलात, तर कुठल्या रकान्यात काय लिहायचे होते ते आठवत नाही. म्हणून रकान्याच्या वर, कायम दिसणारे लेबल हवे. एचटीएमएलमध्ये लेबल आणि रकाना एकमेकांना जोडता येतात. जोडले की लेबलावर बोट ठेवले तरी रकाना उघडतो. अंध व्यक्ती टॉकबॅकसारखा पडदा-वाचक वापरते, तेव्हा तो रकान्याचे नाव वाचून दाखवतो. न जोडलेल्या रकान्यावर तो नुसते 'संपादन चौकट' असे काहीतरी म्हणेल. आता अंदाज बांधत बसा.

मोबाइलच्या रकान्याला टाइप 'टेल' द्या. बोट ठेवताच मोठ्या अंकांचा कीबोर्ड येतो. ओटीपीसाठी इनपुटमोड 'न्यूमेरिक' वापरा आणि ऑटोकम्प्लीटमध्ये 'वन-टाइम-कोड' लिहा. मग ज्या फोनमध्ये सोय आहे तिथे मेसेजमधला आकडा कीबोर्डवरच सुचवला जातो. हे दोन-तीन शब्दांचे काम आहे, पण चष्मा शोधणाऱ्या माणसाची केवढी यातायात वाचते.

एक खास मराठी अडचण सांगते. मोबाइलवर मराठी कीबोर्ड असेल तर अंकही मराठी उमटू शकतात. जावास्क्रिप्टमध्ये अंक ओळखायची जी नेहमीची खूण आहे ती फक्त इंग्रजी अंक ओळखते. बाईने तिचा नंबर बरोबर लिहिलेला असतो, दहाच्या दहा अंक, आणि फॉर्म म्हणतो, 'चुकीचा क्रमांक'. ती पुन्हा तेच लिहिते, पुन्हा तेच उत्तर. शेवटी तिला वाटते, आपलेच काहीतरी चुकते आहे. मराठी अंक इंग्रजीत बदलून घेणारा कोड चार-पाच ओळींचा आहे. राज्याची भाषा मराठी आणि फॉर्मला मराठी अंक चालत नाहीत, हे चालू देऊ नका.

जन्मतारखेसाठी कॅलेंडर उघडणारा रकाना नको. १९७८ सालापर्यंत मागे जायला किती वेळा बोट फिरवायचे? ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळांसाठी जी नियमावली आहे ती दिवस, महिना, वर्ष अशा तीन साध्या चौकटी द्यायला सांगते. आपणही तेच करू.

चूक झाली तर

'इनव्हॅलिड इनपुट'. 'एरर'. 'समथिंग वेंट राँग'. लाल रंगात आणि इंग्रजीत. मला विचाराल तर फ्रंट-एंडच्या कामात सर्वात मोठे कौशल्य चुकीचा संदेश लिहिण्यात आहे. चांगला संदेश तीन गोष्टी सांगतो: कुठे अडले, काय अडले, आता काय करायचे. 'मोबाइल क्रमांकात १० अंक हवेत. तुम्ही ९ लिहिले आहेत.' वाचणाऱ्याला लगेच कळते. हा संदेश त्याच रकान्याला लागून हवा, पानाच्या टोकाला नको. आणि एक चूक झाली म्हणून आधी भरलेले सगळे पुसून टाकायचे नाही. नुसता लाल रंग करूनही भागत नाही, कारण ज्यांना लाल-हिरवा फरक दिसत नाही त्यांना तो कळणार नाही. शब्दात लिहा.

आता फोटो. 'फोटो २० ते ५० केबीच असावा' अशी अट तुम्ही पाहिली असेल. मोबाइलने काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा असतो. तो लहान कसा करायचा हे किती जणांना माहीत असते? कितीतरी लोक केवळ यासाठी कॅफेत जातात. आणि हे काम ब्राउझर स्वतः करू शकतो! जावास्क्रिप्टमध्ये कॅनव्हास नावाची सोय आहे. निवडलेला फोटो त्यावर लहान आकारात उतरवायचा आणि तो हलका झालेला फोटो पाठवायचा. माणसाने फक्त फोटो निवडायचा. जे काम यंत्राला एका सेकंदात जमते ते माणसाच्या गळ्यात का घालायचे?

लिपी: मराठी आणि उर्दू

आपल्यातल्या बऱ्याच घरांत मुले मराठी वाचतात आणि नानी उर्दू वाचते. दोन्हींत पान द्यायचे असेल तर काही साध्या गोष्टी लक्षात ठेवा. पान यूटीएफ-८ मध्ये असल्याचे सुरुवातीलाच नोंदवा, म्हणजे अक्षरांऐवजी चौकोन आणि भलतीच चिन्हे येणार नाहीत. पानाची भाषा 'लँग' या खुणेने सांगा, म्हणजे वाचून दाखवणाऱ्या यंत्राला कळते की मराठी उच्चार करायचे की उर्दू. उर्दूच्या भागाला उजवीकडून डावीकडे अशी दिशा द्या. आणि सीएसएसमध्ये 'डावीकडे अंतर' असे न लिहिता 'ओळीच्या सुरुवातीला अंतर' अशी सोय आहे ती वापरा. मग एकच सीएसएस दोन्ही लिप्यांना चालते.

एक गंमत सांगते. उर्दू ओळीत मोबाइल नंबर अधिक चिन्हासकट लिहिला, तर ते अधिक चिन्ह नंबरच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसते. त्यासाठी एचटीएमएलमध्ये 'बीडीआय' नावाचा टॅग आहे. त्यात नंबर ठेवला, त्याला डावीकडून उजवीकडे अशी दिशा दिली, की तो जागेवर राहतो.

मराठीसाठी दोन सूचना. अक्षरांमधले अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. नस्तालीकमध्ये तर अक्षरांचे जोडच सुटतात. आणि दोन ओळींत मोकळी जागा ठेवा, कारण आपल्या मात्रा वर जातात, उकार खाली येतात. इंग्रजीसाठी केलेले डिझाइन जसेच्या तसे उचलले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. नस्तालीकला त्याहून जास्त जागा लागते.

अक्षरे १६ पिक्सेलपेक्षा लहान नकोत. फिकट राखाडी अक्षरे पांढऱ्यावर नकोत. वेबच्या सुगम्यतेसाठी डब्ल्यूसीएजी नावाची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. ती म्हणते, साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक निदान ४.५ला १ हवा. तिची २०२३ सालची आवृत्ती सांगते की बोटाने दाबायची जागा कमीत कमी २४ बाय २४ पिक्सेल असावी. मी म्हणेन, ४४ ठेवा. उन्हात, रिक्षात, थरथरत्या हातांनी दाबून बघा म्हणजे कळेल.

आणि एक ओळ कधीही विसरू नका: व्ह्यूपोर्टची. ती नसेल तर मोबाइल तुमचे पान संगणकाच्या रुंदीचे समजून आकसून दाखवतो, आणि मग चिमटीत धरून मोठे करत बसावे लागते.

हक्काचा प्रश्न

कुणी म्हणेल, एवढे लाड कशाला? शिका म्हणावे लोकांना. यावर आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो ते ऐका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा. त्यात माहिती आणि इलेक्ट्रॉनिक सेवा सगळ्यांना वापरता येतील अशा करण्याची तरतूद आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींनी न्यायालयात दाद मागितली होती. बँकेच्या ई-केवायसीत कॅमेऱ्यासमोर पापण्यांची उघडझाप करून आपण जिवंत असल्याचे दाखवावे लागते. ज्यांचे डोळेच हल्ल्यात गेले, त्यांनी काय करायचे? न्यायालयाने सांगितले की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे.

हे मला फार महत्त्वाचे वाटते. पापण्यांची अट कुणी दुष्टपणाने घातली नसेल. ज्याने ती लिहिली त्याच्या डोळ्यांसमोर अशी व्यक्ती आलीच नाही, एवढेच. आडनावाच्या सक्तीचेही तसेच आहे. म्हणून आपल्यासारख्यांनी हे काम शिकायला हवे. नोकरी मिळते हे खरेच आहे. पण ज्या टेबलावर फॉर्म ठरतो तिथे आपल्यापैकी कुणी बसलेले असेल, तर ती म्हणू शकते, 'माझ्या खालाला आडनाव नाही, तिने काय लिहायचे?' एवढ्या एका प्रश्नाने लाखो लोकांचा रकाना सुधारतो.

शेजारी बसून बघा

मागच्या वर्षी आम्ही तिघी-चौघींनी एका संस्थेचा चालू फॉर्म घेतला आणि मोहल्ल्यातल्या पाच बायकांना तो आमच्यासमोर भरायला सांगितला. जेकब नील्सन या तज्ज्ञाने २००० सालीच लिहिले आहे की पाच जणांबरोबर चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. आमचा नियम एकच होता: मदत करायची नाही, बोलायचे नाही, फक्त लिहून घ्यायचे.

पहिल्याच ओळीवर एक खाला थांबल्या. 'अर्जदाराचे नाव'. म्हणाल्या, "बेटा, हे माझं की पोरीचं?" फॉर्म मुलीचा, भरणार आई. अर्जदार कोण? त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. तिथे 'विद्यार्थिनीचे नाव' असते तर त्या थांबल्याच नसत्या. दुसरीने विचारले, हा लाल तारा कशाचा? कुठेच लिहिलेले नव्हते. तिसरीला 'अधिवास प्रमाणपत्र' कळेना. मग तिनेच कपाटातून कागद काढून विचारले, "म्हणजे हे डोमिसाइल का?" तेच होते. चौथीला ओटीपी आला. तो बघायला ती मेसेजमध्ये गेली, परत आली तर पान नव्याने उघडलेले, सगळे कोरे. स्वस्त फोनची मेमरी कमी असते, दुसरे ॲप उघडले की तो ब्राउझरचे पान बंद करून टाकतो. तिने फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "जाऊ दे, दुकानात जाते."

या चारही अडचणींवर उपाय आहेत आणि तुम्ही ते तीन महिन्यांत शिकू शकता. पहिल्या तिन्हींना तर कोडही लागत नाही, मराठी लागते. चौथीसाठी लिहिलेली माहिती ब्राउझरमध्ये तात्पुरती साठवायची. त्यासाठी 'सेशन स्टोरेज' आहे, टॅब बंद केला की त्यातले पुसले जाते. 'लोकल स्टोरेज' मात्र जपून वापरा. त्यात माहिती राहून जाते, आणि कॅफेच्या संगणकावर पुढच्या गिऱ्हाइकाला ती दिसू शकते.

शिकायचे कसे

संगणक नसेल तर कुणाचा तरी जुना लॅपटॉप चालेल. व्हीएस कोड हा संपादक मोफत आहे. एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प या ठिकाणी सगळे मोफत शिकता येते. इंग्रजी आहे, पण सोपी आहे, आणि दोघी-तिघी मिळून वाचलीत तर अडत नाही. पहिला महिना फक्त एचटीएमएल. एक फॉर्म नीट लिहा, रंगाचा विचारही करू नका. दुसरा महिना सीएसएस. तोच फॉर्म लहान मोबाइलवर, मोठ्या अक्षरांत, उर्दूत नीट दिसेल असा करा. तिसरा महिना जावास्क्रिप्ट. चुकीचे संदेश, मराठी अंक, फोटो लहान करणे. पान इंटरनेटवर ठेवायला गिटहब पेजेस मोफत आहे. पण तिथे फक्त पान राहते. लोकांची माहिती गोळा करायची असेल तर ती कुठे साठेल, कोण बघेल, कधी पुसली जाईल हे ठरवल्याशिवाय फॉर्म सुरू करू नका. गरज नसेल तर आधार क्रमांक मागूच नका.

क्रोममध्ये लाइटहाउस नावाची तपासणी आहे, ती चालवा. लेबल नसलेले रकाने, कमी उठाव असलेले रंग ती दाखवते. त्याच ठिकाणी नेटवर्क मुद्दाम मंद करून बघा. शहरात वायफायवर उघडणारे पान गावाकडे, एका दांडीच्या सिग्नलवर किती वेळ घेते ते कळेल.

एक प्रश्न येणारच, म्हणून आधीच उत्तर देते. आता एआय कोड लिहून देते, मग शिकायचे कशाला? देते, मीही वापरते. त्याला 'नोंदणीचा फॉर्म कर' म्हणाल तर तो बहुधा पहिले नाव आणि आडनाव असे दोन रकाने करून देईल. जगात बहुतेक फॉर्म तसेच आहेत, त्यावरूनच ते शिकले आहे. ते चूक आहे हे तुम्हाला माहीत असेल तरच तुम्ही त्याला दुरुस्त करायला सांगाल. आणि दिलेला कोड वाचता आला तरच ते दुरुस्त झाले की नाही हे कळेल.

जाता जाता एक काम देते. येत्या पंधरा दिवसांत तुमच्या घरातला एक फॉर्म निवडा. अम्मी, खाला, फूफी, शेजारच्या काकू, कुणालाही तो भरायला सांगा. तुम्ही शेजारी बसा आणि हाताची घडी घाला. त्यांच्या हातून फोन ओढून घ्यायचा मोह होईल, तो आवरा. त्या कुठे थांबल्या, काय विचारले, त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. त्या कागदावरून आपण पुढच्या वेळी कोड लिहायला बसू. आणि तो फॉर्म ज्या संस्थेचा किंवा खात्याचा असेल त्यांनाही कागदाची एक प्रत पाठवा. काय अडले आणि कसे सुधारता येईल, एवढेच लिहा, तक्रारीचा सूर नको. मी अशी पत्रे पाठवली आहेत. सगळ्यांची उत्तरे आली नाहीत, पण दोन ठिकाणी आडनावापुढचा तारा गेला.

आता प्रश्न विचारा.